स्थिर आवृत्तीचे वचन : पोस्टग्रेसच्या एका दुरुस्तीचे परीक्षण

डेटाबेसच्या व्यवहारात 'स्थिर आवृत्ती' हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे, की त्यामध्ये कोणी कोणास काही वचन दिलेले आहे ह्याचेच विस्मरण व्हावे. स्थिर म्हणजे काय? जिच्यात बदल होत नाही ती, असे म्हणावे तर दर तीन महिन्यांनी तिच्या दुरुस्त्या निघतच असतात. जिच्यात दोष नाही ती, असे म्हणावे तर ह्या दुरुस्त्यांचे प्रयोजनच उरत नाही. तेव्हा स्थिरतेचा अर्थ आवृत्तीच्या अंतरंगात शोधण्यापेक्षा तिच्यावर जे विसंबून आहेत त्यांच्याशी असलेल्या तिच्या संबंधात शोधावा लागतो. प्रस्तुत लेखात हा शोध एका विशिष्ट प्रसंगाच्या आधारे घ्यावयाचा आहे. पोस्टग्रेसक्यूएल, ज्यास सर्वत्र नुसते पोस्टग्रेस म्हणतात, त्या डेटाबेसच्या नोव्हेंबर २०२४ मधील दुरुस्तीने काही एक्स्टेन्शनांशी असलेली बायनरी सुसंगती मोडली आणि सात दिवसांत ती पुन्हा सांधावी लागली. प्रसंग लहान आहे. परंतु त्याच्या निमित्ताने एक रूढ समजूत तपासून पाहता येते, आणि आमच्या मते ती समजूत तपासणीत टिकत नाही.

ह्या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष ग्रंथवाचनाने गेले नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मालवणच्या किनाऱ्यावरील एका लहानशा संस्थेत भरती-ओहोटीची पातळी आणि वाऱ्याचा वेग ह्यांच्या नोंदी काही वर्षे ठेवल्या जात आहेत. यंत्र दर काही मिनिटांनी आकडा पाठविते. तो पोस्टग्रेसमध्ये, कालक्रमी नोंदींसाठी असलेल्या टाइमस्केलडीबी ह्या एक्स्टेन्शनच्या साहाय्याने साठविला जातो. आणि रात्री एक कार्यक्रम यंत्राच्या ज्ञात त्रुटीनुसार दिवसभराच्या आकड्यांत दुरुस्ती करतो. १४ नोव्हेंबर २०२४ रोजी पोस्टग्रेसच्या दुरुस्ती-आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा होती. म्हणजे तुळशीची लग्ने आटोपत आलेली, रापण ओढणाऱ्यांची लगबग चालू, आणि समुद्राला उधाण. संस्थेतील सर्व्हरने आपल्या नेमाप्रमाणे दुरुस्ती आपोआप उतरवून घेतली. त्या रात्री दुरुस्तीचा कार्यक्रम चालू झाला, आणि सर्व्हर कोसळला. पोस्टग्रेसची रचना अशी आहे, की त्याची एक प्रक्रिया अशा रीतीने मेली तर इतर सर्व जोडण्याही तोडून सर्व्हर नव्याने उभा राहतो. तो उभा राहिला, कार्यक्रमाने पुन्हा प्रयत्न केला, तो पुन्हा कोसळला. हे रात्रभर चालले. ह्या धांदलीत यंत्राने पाठविलेले आकडे दाराशी येऊन परत गेले, आणि परत गेलेला आकडा पुन्हा पाठविण्याची सोय आम्ही केलेली नव्हती. हा शेवटचा दोष सर्वस्वी आमचा. परंतु पौर्णिमेच्या भरतीची नोंद गेली ती गेली. समुद्र तीच भरती पुन्हा आणून देत नाही.

प्रथम डिस्कवर संशय गेला, मग विजेवर. कोकणात विजेवर संशय घेणे हे नेहमीच सोयीचे असते. डेटाबेसच्या दुरुस्तीवर मात्र दोन दिवस कोणाचाही संशय गेला नाही. ह्या न गेलेल्या संशयातच आपल्या विषयाचे मर्म आहे. संशय का गेला नाही? कारण तो घेऊ नये असे वचन दिलेले होते.

ते वचन असे. पोस्टग्रेसच्या क्रमांकपद्धतीत २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून पहिला आकडा मुख्य आवृत्तीचा आणि दुसरा दुरुस्तीचा असतो. वर्षास एक मुख्य आवृत्ती निघते. तीत नव्या सोयी येतात, जुने आकारविकार बदलतात, आणि जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाणे हा एक स्वतंत्र खटाटोप असतो. मुख्य आवृत्तीस पाच वर्षे आधार दिला जातो आणि त्या काळात केवळ दुरुस्त्या निघतात. ह्या दुरुस्त्यांत नवे काही घालावयाचे नाही, फक्त चुकलेले सुधारावयाचे, असा दंडक आहे. आपल्याकडील उपमा द्यावयाची तर शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या कार्यासारखे हे कार्य आहे. त्यांनी अपपाठ काढले, आणि ह्यापुढे कोणी तीत आपली ओवी मिसळू नये असे बजावून ठेवले. शुद्धी करावयाची, भर घालावयाची नाही. म्हणूनच पोस्टग्रेसचे धोरण वापरणाऱ्यास सांगते, की दुरुस्ती-आवृत्ती घेण्यात जो धोका आहे त्याहून ती न घेण्यात अधिक धोका आहे. सामान्यतः हे खरेही आहे, कारण ह्या दुरुस्त्यांत सुरक्षिततेची छिद्रे बुजविलेली असतात. १४ नोव्हेंबरच्या दुरुस्तीतही ती होती.

आता बायनरी सुसंगती म्हणजे काय, ते पाहू. कोकण रेल्वेवर १९९९ पासून मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा आहे. मोटार चढविण्यापूर्वी तिची उंची मोजून घेतात, कारण वाटेत बोगदे आहेत. आता कल्पना करा, की एका बोगद्याला ओल येते म्हणून त्याच्या छतास आतून नवे जाड अस्तर दिले. वेळापत्रकात काही बदल नाही. स्थानके तीच, भाडे तेच, नियमपुस्तकही तेच. वेळापत्रक वाचून जो आपला प्रवास आखतो त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नाही. परंतु कोलाडला जुन्या मापाने उंची मोजून जी मोटार वाघिणीवर उभी आहे, तिचे छप्पर त्या अस्तराला लागणार. प्रोग्रामच्या मूळ मजकुराच्या पातळीवरील सुसंगती ही वेळापत्रकाची सुसंगती होय. फंक्शनांची नावे आणि त्यांना द्यावयाच्या वस्तू त्याच राहिल्या, तर मजकूर पुन्हा कंपाइल केल्यावर चालतो. बायनरी सुसंगती ही बोगद्याच्या उंचीची सुसंगती होय. आधीच कंपाइल होऊन बसलेला प्रोग्राम, ज्यास आता काहीही वाचता येत नाही आणि कोणास काही विचारता येत नाही, तो नव्या सर्व्हरबरोबर तसाच चालला पाहिजे. एखाद्या स्ट्रक्चरमध्ये कोणता खण कितव्या बाइटपासून सुरू होतो आणि एकूण स्ट्रक्चर किती बाइटांचे, ही मापे कंपाइल होताना त्याच्या अंगात मुरलेली असतात. ती नंतर बदलत नाहीत.

पोस्टग्रेसच्या बाबतीत हा प्रश्न विशेष बिकट होतो, कारण त्याची एक्स्टेन्शने सर्व्हरच्या बाहेर उभी राहून त्याच्याशी बोलत नाहीत. ती त्याच्या स्मृतीत शिरून त्याचीच स्ट्रक्चरे हाताळतात. ह्यात डेटाबेसचे मोठे सामर्थ्य आहे. भौगोलिक माहितीसाठीचे पोस्टजीआयएस किंवा उपर्युक्त टाइमस्केलडीबी ही ह्याच सामर्थ्याची फळे आहेत. आणि बहुतेक वापरणारे ही एक्स्टेन्शने स्वतः कंपाइल करीत नाहीत. कोणा तिसऱ्याने काही महिन्यांपूर्वी बांधून ठेवलेली तयार पुडी ते घेतात. म्हणजे व्यवहारात पक्ष तीन : सर्व्हर लिहिणारा, एक्स्टेन्शन लिहिणारा आणि दोहोंच्या पुड्या बांधणारा. चौथा, जो भरतीची नोंद ठेवतो, तो ह्यांपैकी कोणासही ओळखत नाही.

नोव्हेंबरच्या दुरुस्तीत घडले ते असे. पोस्टग्रेसच्या अंतर्गत तक्त्यांपैकी काहींतील नोंदी विशिष्ट प्रसंगी जागच्या जागी बदलल्या जातात. त्याच वेळी दुसरीकडून तीच नोंद बदलली जात असेल, तर पहिला बदल हरवू शकतो असा एक जुना दोष होता. दोष खरा होता आणि गंभीर होता. तो घालविण्यासाठी, अमुक तक्त्यातील ओळ बदलण्यापूर्वी कुलूप लावणे आवश्यक आहे की नाही, एवढे लक्षात ठेवावयाचे होते. हो किंवा नाही : एका बाइटाचा खण. हा खण 'रिझल्टरेलइन्फो' ह्या स्ट्रक्चरमध्ये घालण्यात आला. ज्या तक्त्यात लिहावयाचे त्याची सर्व माहिती हे स्ट्रक्चर बाळगते. पुढील वर्षाच्या मुख्य आवृत्तीसाठी जो मजकूर तयार होत होता, त्यात हा खण स्ट्रक्चरच्या मध्यावर, दोन जुन्या खणांमधील पोकळीत बसविण्यात आला. स्थिर शाखांत मात्र तो स्ट्रक्चरच्या अगदी शेवटी जोडण्यात आला, आणि तोही सावधगिरी म्हणून! मध्ये घातला तर पुढचे खण सरकतील, शेवटी घातला तर जुन्या खणांच्या जागा अबाधित राहतील, हा त्यामागील विचार. तो विचार पोस्टग्रेसमध्ये पुष्कळ वर्षे चालत आलेला आहे आणि पुष्कळदा बरोबरही ठरलेला आहे.

परंतु शेवटी पोकळी नव्हती. यंत्राच्या सोयीसाठी स्ट्रक्चरचे माप आठ बाइटांच्या पटीत ठेवावे लागते. म्हणून एक बाइट वाढला तो आठ होऊन वाढला.

आठ बाइटांनी काय बिघडते? स्ट्रक्चर एकटे असेल आणि त्याकडे पॉइंटरने निर्देश केलेला असेल, तर पुष्कळदा काहीच बिघडत नाही. पोस्टग्रेसची स्मृती वाटणारी यंत्रणा लहान मागण्यांसाठी दोनच्या घातांकांत तुकडे देते, म्हणजे मागणाऱ्यास मागितल्यापेक्षा थोडी अधिकच जागा मिळते. वाढलेला खण त्या जास्तीच्या जागेत पडतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. परंतु हीच स्ट्रक्चरे एकापुढे एक अशी रांगेत मांडलेली असली म्हणजे हिशेब बदलतो. कोकणात माडाची नवी बाग करताना दोन माडांत साडेसात मीटर अंतर ठेवावे असे सांगतात. हे अंतर पक्के ठाऊक असलेला मनुष्य काळोख्या रात्रीही पावले मोजून चौथ्या माडाशी जाऊन हात टेकील. आता त्याच्या नकळत कोणी अंतर एका हाताने वाढविले, तर पहिल्या माडाशी त्याची चूक होणार नाही, कारण पहिला माड जागच्या जागी आहे. दुसऱ्यापाशी तो चाचपडेल. दहाव्यापाशी तो माडाला नव्हे, विहिरीला हात लावील. पोस्टग्रेसचा जो भाग प्रत्यक्ष लेखन करवितो, त्याच्या काही व्यवहारांत एक्स्टेन्शनास 'रिझल्टरेलइन्फो'च्या अशा रांगेतून मोजत जावे लागते. जुन्या मापाने मोजणारे टाइमस्केलडीबी आणि नव्या मापाने रांग मांडणारा सर्व्हर ह्यांची गाठ पडली, आणि आमच्या संस्थेत दुरुस्तीचा कार्यक्रम विहिरीत पडला. कालखंडानुसार तुकडे केलेल्या तक्त्यात जेव्हा अनेक तुकड्यांवर एकदम बदल करावयाचा असतो तेव्हाच ही रांग लांब होते. एकेक आकडा दाखल करताना काही झाले नाही आणि रात्रीच्या दुरुस्तीत झाले, ते ह्यामुळे.

२१ नोव्हेंबर २०२४ रोजी नियोजित वेळापत्रकाबाहेर १७.२, १६.६, १५.१०, १४.१५, १३.१८ आणि १२.२२ ह्या आवृत्त्या काढण्यात आल्या. त्यांपैकी बाराव्या आवृत्तीची गोष्ट लक्षणीय आहे : तिचा आधारकाल आदल्या आठवड्याच्या दुरुस्तीनेच संपावयाचा होता, तरीही ज्याचे ऋण झाले ते फेडल्याशिवाय तिला निरोप देण्यात आला नाही. उपाय काय केला? तो एका बाइटाचा खण शेवटून उचलून मधल्या पोकळीत ठेवला. म्हणजे मुख्य शाखेत जेथे तो पहिल्यापासूनच होता, तेथे. स्ट्रक्चरचे माप पूर्ववत झाले आणि कोणासही काही पुन्हा कंपाइल करावे लागले नाही. ह्याच आवृत्तीत भूमिकांच्या अधिकारांसंबंधी आदल्या आठवड्यात बिघडलेली आणखी एक गोष्टही सुधारली गेली. तिचा प्रस्तुत चर्चेशी संबंध नाही.

प्रकल्पाची ही तत्परता प्रशंसनीय आहे ह्यात शंका नाही, आणि झालेली चूक आवृत्तीच्या टिपणातच नि:संदिग्ध शब्दांत मान्य केली गेली. आमचा आक्षेप चुकीवर नाही. तो ज्या समजुतीतून चूक उद्भवली तिच्यावर, आणि त्याहूनही ती समजूत जेथे लिहून ठेवली आहे त्या मजकुरावर आहे.

सर्व्हरच्या अंतर्गत जोडणीची स्थिरता ह्या विषयावर पोस्टग्रेसच्या पुस्तिकेत एक मार्गदर्शक प्रकरण आहे. २०२४ पूर्वी हे सर्व नियम लिहिणाऱ्यांच्या रूढीत आणि मजकुरातील टिपांत विखुरलेले होते. त्यांना एका जागी शब्दरूप मिळाले हे मोठेच काम झाले. प्रकरणाचा आशय असा : मुख्य आवृत्त्यांमध्ये बायनरी सुसंगतीची हमी नाही, एकाच मुख्य आवृत्तीच्या दुरुस्त्यांमध्ये ती राखण्याचा कसोशीने प्रयत्न केला जाईल, बदल करणे अटळच झाले तर कमीत कमी बाधक मार्ग निवडला जाईल, जसे की नवा खण पोकळीत बसविणे किंवा स्ट्रक्चरच्या शेवटी जोडणे, आणि अशा बदलांची बाधा एक्स्टेन्शनांना होऊ नये, त्यांच्या लेखनाची तऱ्हा फारच विलक्षण असेल तर गोष्ट वेगळी. हे प्रकरण नोव्हेंबरच्या प्रसंगापूर्वी लिहिले गेले. २०२५ च्या अठराव्या आवृत्तीच्या पुस्तिकेतही ते आहे.

ह्या वाक्यांत दोन ठिकाणी दोष आहे असे आम्हांस वाटते. पहिला असा, की पोकळीत बसविणे आणि शेवटी जोडणे हे दोन मार्ग 'किंवा' ह्या एका अव्ययाने समान पातळीवर आणून ठेवले आहेत. ते समान नाहीत. पोकळीत बसविलेला खण स्ट्रक्चरचे माप बदलत नाही. शेवटी जोडलेला खण ते बदलू शकतो. पहिल्याची सुरक्षितता स्ट्रक्चरच्या स्वतःच्या घडणीवरून सिद्ध करता येते. दुसऱ्याची सुरक्षितता, जगातील कोणताही वापरणारा त्या स्ट्रक्चरचे माप गृहीत धरीत नाही, ह्या एका बाह्य आणि न तपासलेल्या विधानावर अवलंबून राहते. एक प्रमेय आहे, दुसरी आशा आहे. दोहोंना 'किंवा'ने जोडणे हा केवळ भाषेचा दोष नव्हे. नोव्हेंबरमध्ये लिहिणाऱ्याने दोन शाखांत दोन वेगळे मार्ग निवडले, आणि ज्या शाखेत अधिक सांभाळावयाचे तेथेच अधिक धोक्याचा मार्ग निवडला, तो ह्याच समीकरणाचा परिणाम होय.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. विलक्षण तऱ्हेने लिहिलेल्या एक्स्टेन्शनांचा जो अपवाद सांगितला आहे, त्याने दायित्वाचा रोख नकळत फिरतो. काही मोडलेच तर मोडणाऱ्यापेक्षा ज्याचे मोडले त्याचीच तऱ्हा संशयास्पद ठरते. परंतु येथे टाइमस्केलडीबीने विलक्षण असे काय केले होते? रांगेतून मोजत जाणे ही त्याची लहर नव्हती; सर्व्हरचा तो व्यवहारच तसा आहे, आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या दुरुस्तीच्या टिपणात स्वतःच नमूद केली. ज्या घरात वाकल्याशिवाय शिरता येत नाही, त्या घराच्या मालकाने पाहुण्याच्या वाकण्यास विलक्षण म्हणावे, असा हा प्रकार आहे. अपवादाची भाषा जर ठेवावयाचीच असेल, तर ती पाहुण्याच्या वागणुकीविषयी नको, दाराच्या उंचीविषयी हवी : अमुक स्ट्रक्चरे रांगेने हाताळली जातात, त्यांचे माप स्थिर शाखेत गोठलेले आहे.

ह्यावर एक उत्तर संभवते. शेवटी जोडण्याची रीत इतरत्र निर्धोकपणे चाललेली आहे, तर तिला नावे का ठेवावी? उदाहरण एसक्यूलाइटचे घ्या. आपल्या प्रत्येकाच्या दूरध्वनीत असणारा हा लहानसा डेटाबेस २००० साली निर्माण झाला, त्याची तिसरी मालिका २००४ पासून चालू आहे, आणि २०५० पर्यंत त्यास आधार देण्याचा संकल्प त्याच्या कर्त्यांनी जाहीर केलेला आहे. त्याची एक्स्टेन्शने सर्व्हरशी, किंबहुना ग्रंथालयाशी, एका स्ट्रक्चरमार्फत बोलतात. त्या स्ट्रक्चरमध्ये फंक्शनांचे पॉइंटर ओळीने लावलेले असतात, आणि नवे फंक्शन आले की त्याचा पॉइंटर शेवटी जोडला जातो. दोन दशके हे चालले आहे. होय, परंतु ते का चालले ते पाहावे. हे स्ट्रक्चर एकच असते, त्याची रांग कधीच होत नाही, आणि ते निर्माण करण्याचे काम एक्स्टेन्शनाकडे कधीच येत नाही. त्यास केवळ पॉइंटर मिळतो. जोडणीच्या दोन्ही हातांस फक्त डेटाबेसच्या हाताळणीचे एक बंद मूठ असलेले चिन्ह दिसते. आत काय आहे आणि किती बाइटांचे आहे, हे बाहेरच्यास कधी सांगितलेलेच नाही. तेथे शेवटी जोडण्याची रीत निर्धोक आहे ती रीत म्हणून नव्हे, तर तिला निर्धोक करणाऱ्या अटी आधी पाळल्या आहेत म्हणून. पोस्टग्रेसने रीत घेतली, अटी घेतल्या नाहीत. रूढी आणि तत्त्व ह्यांतील हा भेद आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी ह्या प्रसंगातून एकच गोष्ट तपासून घ्यावयाची झाल्यास ती हीच घ्यावी असे आम्ही सुचवू.

मग पोस्टग्रेसनेही मूठ बंद का करू नये? ह्याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालेल्या अकराव्या आवृत्तीचे टिपण वाचावे. तक्त्याचे तुकडे करून ठेवण्याची जी सोय त्या आवृत्तीत खऱ्या अर्थाने वयात आली, तिच्या कर्त्यांमध्ये मराठी वाचकास ओळखीची वाटतील अशी आडनावे आढळतात. तुकड्यातुकड्यांनी जोडणी करण्याची सोय आशुतोष बापट ह्यांची. ओळीची किल्ली बदलली असता ती ओळ योग्य त्या तुकड्यात हलविण्याची सोय अमित खांडेकर ह्यांची. एंटरप्राइझडीबी ह्या कंपनीचे कार्यालय पुण्यात आहे, आणि पोस्टग्रेसच्या ह्या अंतरंगात पुण्याच्या श्रमाचा वाटा मोठा आहे. आपल्याकडे त्याची वाच्यता फारशी होत नाही एवढेच. सांगावयाचे ते असे, की एकाच लेखनक्रियेत अनेक तुकडे गुंतू लागले म्हणजे 'रिझल्टरेलइन्फो' अनेक लागतात. तुकडे करण्याची कल्पना जसजशी समृद्ध झाली, तसतसे हे स्ट्रक्चर अधिकाधिक हातांत खेळू लागले. ते मुळात बाहेरच्यांसाठी घडविलेले नव्हतेच. टाइमस्केलडीबीचा सगळा व्यवहार काळाचे तुकडे पाडण्याचा असल्यामुळे त्यास ते हाताळणे प्राप्तच होते. मूठ बंद करावयाची तर हे सर्व सामर्थ्य काढून घ्यावे लागेल.

इतरांनी ह्या पेचातून काढलेल्या वाटा थोडक्यात सांगता येतील. लिनक्सने आपल्या गाभ्यातील जोडणीविषयी वचनच दिले नाही. आतले मॉड्यूल प्रत्येक गाभ्यासाठी पुन्हा बांधावे, परंतु बाहेरील प्रोग्रामांस दिलेले वचन मात्र कडकपणे पाळावयाचे, अशी त्याची सरळ विभागणी आहे. मायएसक्यूएलमध्ये स्टोरेज इंजिनाचे प्लगइन ज्या नेमक्या आवृत्तीसाठी बांधले तिच्याशीच चालते. सर्व्हर ते दाराशीच तपासतो. पोस्टग्रेसच्याही दाराशी रखवालदार आहे. २००६ च्या ८.२ ह्या आवृत्तीपासून प्रत्येक एक्स्टेन्शनास आपल्या अंगावर एक खूण वागवावी लागते. सर्व्हर तीवरून मुख्य आवृत्ती, फंक्शनाच्या वस्तूंची कमाल संख्या, नावाची कमाल लांबी अशा काही गोष्टी पडताळून पाहतो. हा कोलाडचा उंची मोजणारा मनुष्य होय. तो दुरुस्तीचा क्रमांक मात्र पाहत नाही, आणि पाहू नये हेच योग्य आहे. तो पाहू लागला तर दर तीन महिन्यांनी सगळ्या पुड्या नव्याने बांधाव्या लागतील आणि स्थिर आवृत्तीचे प्रयोजन संपेल. रखवालदाराने जे पाहावयाचे नाही असे ठरले, त्याची जबाबदारी बोगद्याला अस्तर देणाऱ्याकडे जाते, एवढाच ह्याचा अर्थ.

ही जबाबदारी केवळ दक्षतेवर सोपवून भागणार नाही, हे नोव्हेंबरने दाखविले. त्या बदलावर जाणत्यांची नजर पडली नव्हती असे नाही. परंतु माणूस मजकूर वाचतो, माप वाचत नाही. पोकळी मजकुरात दिसत नसते. सुदैवाने हे काम यंत्र उत्तम करते. कंपाइल झालेल्या दोन आवृत्त्यांची स्ट्रक्चरे ताडून मापातील फरक दाखविणारी 'अबिडिफ' सारखी साधने पूर्वीपासून उपलब्ध होती, आणि २०२५ मध्ये पोस्टग्रेसच्या बिल्डफार्ममध्ये, म्हणजे नाना प्रकारच्या यंत्रांवर मजकूर सतत कंपाइल करून पाहणाऱ्या त्याच्या व्यवस्थेत, अशा तुलनेचा भाग आला. आमच्या मते मार्गदर्शक प्रकरणापेक्षा ही घटना अधिक महत्त्वाची आहे. वचन देणाऱ्याने आपले वचन स्वतः मोजून पाहण्याची सोय केली.

तरी ह्या मोजणीची मर्यादाही सांगून ठेवली पाहिजे, नाही तर एका समजुतीच्या जागी दुसरी येईल. ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्सवरील सी-ग्रंथालयाची २.२८ ही आवृत्ती निघाली. तिच्यात शब्दांचा अनुक्रम लावण्याचे कोष्टक नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बदलले. कोणत्याही स्ट्रक्चरचे माप बदलले नाही, कोणत्याही फंक्शनाचे नाव बदलले नाही. कोणत्याही अबिडिफला त्यात काही आढळले नसते. परंतु जुन्या अनुक्रमाने रचलेल्या सूची नव्या अनुक्रमाने शोधल्या जाऊ लागल्या, आणि तक्त्यात असलेली नावे सूचीत सापडेनाशी झाली. सर्व सूची नव्याने रचणे हाच उपाय होता. कोशकाराला हे समजावून सांगावे लागणार नाही : 'क्ष' आणि 'ज्ञ' हे 'क' आणि 'ज' ह्यांच्या पोटात घ्यावयाचे की वर्णमालेच्या शेवटी, ह्याविषयी एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरे ठरविले, तर कोशात असलेला शब्दही हाती लागत नाही. पोस्टग्रेसने १७ व्या आवृत्तीत अनुक्रमाची एक स्वतःची, बाहेरच्या ग्रंथालयावर न विसंबणारी व्यवस्था दिली. ती भाषेच्या दृष्टीने ओबडधोबड आहे, मराठीचा अनुक्रम तिला कळत नाही, पण ती बदलत नाही. आकाराची स्थिरता यंत्रास मोजता येते. अर्थाची स्थिरता अद्याप माणसालाच राखावी लागते.

मार्गदर्शक प्रकरणात काय बदलावे, ह्याविषयी आमची सूचना मर्यादित आहे. 'किंवा' काढून क्रम घालावा : प्रथम पोकळी, पोकळी नसेल तरच शेवट, आणि तोही ते स्ट्रक्चर रांगेत कोठेही येत नाही आणि एक्स्टेन्शन ते स्वतः निर्माण करीत नाही ह्याची खात्री केल्यावर. ज्या स्ट्रक्चरांचे माप गोठलेले आहे त्यांच्या डोक्यावर, हेडर फाइलमध्येच, तसे लिहावे. जेणेकरून पुढे कोणी एक बाइट वाढवावयास आला तर वाढविण्याच्या जागीच त्यास ते वाचावयास मिळेल. आणि विलक्षण तऱ्हेचा उल्लेख गाळावा. त्या उल्लेखाने वाचकास काही कळत नाही. कोणाचे सांभाळावयाचे नाही एवढेच लिहिणाऱ्यास कळते.

मालवणच्या त्या संस्थेत आता दुरुस्ती-आवृत्ती प्रथम एका जुन्या यंत्रावर आठ दिवस चालविली जाते. यंत्राने पाठविलेला आकडा पोचल्याची पावती मिळेपर्यंत तो यंत्रापाशीच राहतो. अमावास्या आणि पौर्णिमा ह्यांच्या मागेपुढे दोन-दोन दिवस सर्व्हरला कोणी हात लावावयाचा नाही, असे भिंतीवरील दिनदर्शिकेवर तांबड्या शाईने लिहिलेले आहे. नोव्हेंबर २०२४ च्या आलेखात पौर्णिमेच्या रात्री रेघ तुटलेली आहे, आणि ती जोडून काढण्याचा मोह कोणास होऊ नये म्हणून तिच्याखाली कारण नमूद केले आहे.